काजूचं तेल, गाईची ढेकर आणि ‘किती?’ हा प्रश्न

एप्रिलच्या शेवटी आमच्या गुहागरकडच्या वाडीत सकाळी दार उघडलं की पहिला वास येतो तो काजूच्या बोंडूंचा. बी काढून घेतलेले लाल-पिवळे बोंडू झाडाखाली ढिगाने पडलेले असतात. दुपारच्या उन्हात ते आंबायला लागतात, त्यावर चिलटं घोंघावतात. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत माझ्या आतेची गाभण गाय रात्री दावं तोडून काजूच्या बागेत शिरली. सकाळी सापडली तेव्हा ती बसलेली होती, मान पोटाकडे वळवून. रवंथ बंद. शेण पातळ, आंबूस वासाचं. डॉक्टर आले आणि गाईला हात लावण्याआधीच त्यांनी विचारलं, “किती खाल्ले असतील?”

कोणालाच सांगता येईना. आते म्हणाली, “भरपूर असतील, रात्रभर होती ना.” डॉक्टरांनी पाण्यात खाण्याचा सोडा कालवून पाजला, इंजेक्शन दिलं, आणखी दोन दिवस येऊन गेले. तिसऱ्या दिवशी गाय रवंथ करायला लागली. तो “किती?” मात्र माझ्या डोक्यात राहिला. जनावरांच्या झाडपाल्याच्या औषधांबद्दल जे काही बोललं जातं, त्यात नेमका हाच प्रश्न सुटलेला असतो.

सध्या फोनवर रोज एक व्हिडिओ येतो. शतावरीने दूध वाढवा, कडुनिंबाने जंत घालवा. दुकानात ‘हर्बल’ लिहिलेली पाकिटं टांगलेली असतात. दुसरीकडे बातमी येते की गाईची ढेकर कमी करायला शास्त्रज्ञ तिला झाडपाला चारत आहेत. काही लोक यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, काही हसून सोडून देतात. खरी गोष्ट समजून घ्यायची तर आधी गाईच्या पोटात उतरायला हवं.

गवत गाय खाते, पण पचवतं दुसरंच कोणी

गाय, म्हैस, बकरी यांच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला पहिला आणि सर्वात मोठा कप्पा म्हणजे रुमेन. मोठ्या संकरित गाईच्या रुमेनमध्ये शंभर लिटरहून जास्त मावतं. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवलं की फुगतं ना, तसंच काहीसं इथे चोवीस तास चाललेलं असतं. ऊब 39 अंशांच्या आसपास, हवा जवळजवळ नाहीच, आणि एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू. भाताचा पेंढा माणसाने खाल्ला तर तो तसाच बाहेर पडेल. तो फोडण्याचं काम गाईसाठी हे जिवाणू करतात. त्यातून जी आम्लं तयार होतात ती गाईच्या रक्तात जातात आणि त्यांवर ती जगते, चालते, दूध देते.

म्हणजे गाईला चारणं हे खरं तर या जिवाणूंना चारणं आहे. आतेच्या गाईचं काय झालं तेही यातून कळतं. बोंडूत साखर भरपूर. पेंढ्यावर सावकाश काम करणाऱ्या जिवाणूंवर एका रात्रीत साखरेचा ढीग कोसळला. साखर खाणारे जिवाणू झपाट्याने वाढले, आम्ल साठलं, बाकीचे मरायला लागले. खाण्याचा सोडा त्या आम्लावरचा उतारा होता.

ढेकरेतून काय जातं?

चारा आंबताना रुमेनमध्ये हायड्रोजन तयार होतो. तो साठून राहिला तर आंबण्याची क्रियाच मंदावते, म्हणून त्याला वाट हवी. काही सूक्ष्मजीव हा हायड्रोजन घेऊन मिथेन नावाचा वायू बनवतात आणि गाय तो ढेकरेतून सोडून देते. चाऱ्यातल्या ऊर्जेचा साधारण 6 ते 7 टक्के भाग असा हवेत जातो. शंभर रुपयांची वैरण घातली तर सहा-सात रुपये ढेकरेत गेले म्हणा. शिवाय मिथेन हवा तापवतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट. 2019 च्या पशुगणनेत देशात 19 कोटींहून जास्त गाई-बैल मोजले गेले, म्हणून या विषयाची बातमी होते.

हायड्रोजनला दुसरीही एक वाट असते. त्यापासून प्रोपिओनिक नावाचं आम्ल होऊ शकतं, आणि त्यातून गाय स्वतःसाठी साखर बनवते. पऱ्ह्याचं पाणी समुद्राला वाहून जाऊ द्यायचं की पाट काढून वायंगणी भाताला वळवायचं, तसा हा प्रश्न. पाट काढायला जे लागतं ते काही झाडांत आधीपासून आहे. त्यातलं एक आपल्या परसात आहे.

तुरट आणि उतणारं

बोंडू चावला की जीभ आणि घसा आवळल्यासारखा होतो. हा आवळणारा पदार्थ म्हणजे टॅनिन. हिरड्यात, फणसाच्या पानात, आंब्याच्या कोयीतही ते असतं. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, चामडं कमावताना त्याचा हाच गुण वापरतात. रुमेनमध्येही तेच होतं. थोडं टॅनिन असलं तर चाऱ्यातली काही प्रथिनं जिवाणूंच्या तावडीतून सुटतात, पुढच्या कप्प्यांत मोकळी होतात आणि थेट गाईच्या कामी येतात. मिथेनही काहीसा घटतो. पण जास्त झालं तर चिकटलेली प्रथिनं सुटतच नाहीत, शेणावाटे जातात, आणि जनावर चाऱ्याला तोंड लावेनासं होतं. चाऱ्याच्या कोरड्या वजनाच्या 2 ते 4 टक्के टॅनिन बहुधा फायद्याचं, 5-6 टक्क्यांच्या वर गेलं की तोट्याचं. फायदा आणि तोटा यांत मूठभर पाल्याचं अंतर आहे.

दुसरा पदार्थ काजूच्या टरफलात. काजू सोलणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी पाहिलेत त्यांना हे तेल सांगायला नको. बिब्बा उततो तसं ते उततं, बोटांची कातडी सोलवटून निघते, म्हणून राख किंवा तेल लावून बसावं लागतं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आंब्याचा चीकही त्याच घराण्यातला. या तेलात ॲनाकार्डिक आम्ल असतं आणि ते काही प्रकारच्या जिवाणूंचं बाहेरचं आवरण फाडतं. रुमेनमध्ये हायड्रोजन सोडणारे बरेच जिवाणू नेमके या तडाख्यात सापडतात. हायड्रोजन घटला की मिथेन बनवणाऱ्यांचा कच्चा मालच कमी होतो.

संशोधक दिवसभर करतात तरी काय?

इथे जरा थांबतो, कारण पशुपोषणाच्या संशोधकाचं काम बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं.

पहिली अडचण नावाची. जुलाबावर कुड्याची साल द्यावी असं सगळे सांगतात. पण आपल्याकडे पांढरा कुडा आहे आणि काळा कुडाही आहे. दोन्ही पांढऱ्या फुलांचे, दिसायला भावंडांसारखे, आणि बाजारात एकाच्या नावावर दुसऱ्याची साल खपते. म्हणून आधी पान, फूल, फळ दाबून वाळवून वनस्पतीची ओळख पक्की करतात. मग पाला वाळवतात, तोही जपून, कारण जास्त तापवला तर टॅनिनचं स्वरूपच बदलतं आणि मोजमाप चुकतं. त्यानंतर प्रथिनं, तंतू, राख, टॅनिन, सगळं मोजलं जातं.

मग काचेचं पोट. सकाळी चारा घालण्याआधी जनावराच्या रुमेनमधला रस काढतात आणि आधीच गरम करून ठेवलेल्या थर्मासमध्ये भरतात. जरा गार झाला तरी जिवाणू मरगळतात. मलमलीच्या चार पदरांतून तो गाळतात, हवा लागू नये म्हणून वर कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. काचेच्या मोठ्या पिचकाऱ्यांमध्ये चिमूटभर वाळलेला चारा आधीच मोजून ठेवलेला असतो, त्यावर हा रस आणि थोडं क्षारांचं पाणी घालतात. पिचकाऱ्या 39 अंशांवर ठेवल्या की वायू सुटायला लागतो आणि दट्ट्या हळूहळू वर सरकतो. 24 तासांनी वाचून घ्यायचं, कोणत्या पिचकारीत किती वायू, त्यात मिथेन किती. एकीत नुसता पेंढा, दुसरीत पेंढा आणि पाला, तिसरीत पाला दुप्पट. “किती?” या प्रश्नाला पहिलं उत्तर इथे मिळतं.

पण ते उत्तर अपुरं असतं. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी काजूच्या टरफलाचं कच्चं तेल काचेच्या पोटात तपासलं तेव्हा मिथेन निम्म्याहून जास्त घटला. नंतर तेच खऱ्या गाईंना दिलं तेव्हा एका चाचणीत घट सुमारे 38 टक्के आली, दुसरीत 19. काचेत खाणारं तोंड नाही, लाळ नाही, वाहून जाणं नाही. गाईत हे सगळं आहे. म्हणून काचेतला आकडा पाकिटावर छापून कोणी काही विकत असेल तर सावध व्हा.

त्याच कामातला आणखी एक निष्कर्ष आपल्यासाठी मोलाचा आहे. तापवलेल्या तेलाचा परिणाम कच्च्या तेलापेक्षा बराच कमी निघाला. उष्णतेने ॲनाकार्डिक आम्ल मोडतं आणि त्याचं कार्डनॉल बनतं. म्हणजे झाड एक, टरफल एक, तरी भट्टीतून गेलेलं तेल आणि थंड दाबून काढलेलं तेल ही औषध म्हणून दोन वेगळी द्रव्यं झाली.

शेवटची पायरी जनावरांची. एक बकरी खादाड, दुसरी नाक मुरडणारी, म्हणून बऱ्याच प्रयोगांत त्याच जनावरांना काही आठवडे पाल्यासह आणि काही आठवडे पाल्याविना चारतात. नव्या चाऱ्याची सवय व्हायला आधी दोन-तीन आठवडे देतात. मग आठवडाभर रोज घातलेला चारा, उरलेली गवाण, पडलेलं शेण, मूत्र, सगळं तोलायचं. पहाटे शेण गोळा करून तोलणं, त्याचा नमुना वाळवणं, रविवार असो की गणपती. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. एका ओळीच्या बातमीमागे शेणाच्या शेकडो पुड्या असतात.

आपल्या देशातही हे झालं आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचं पूरक खाद्य तयार केलं आणि 2021 मध्ये ते जाहीर झालं. त्याने मिथेन 17 ते 20 टक्के घटतो, असं संस्था सांगते.

आणि हे वाचून कोणी घरचं टरफल कुटून आंबोणात घालू नये. कातडी सोलवटणारं तेल आहे ते, जनावराच्या जिभेला आणि आतड्याला सोडणार नाही. प्रयोगात ते अगदी मोजून, दुसऱ्या पदार्थात जिरवून देतात.

“आमच्या आजोबांना कुठे प्रयोगशाळा लागली?”

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. आजोबांकडे निरीक्षण होतं. कोणतं जनावर कोणत्या ऋतूत काय टाळतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि तपासायच्या झाडांची संशोधकाची यादी सुरू होते तीही बहुधा अशा माणसाच्या सांगण्यावरूनच.

फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. त्यांची गाय वेगळी होती. कोकण कपिला ही आपली गावठी गाय, आता नोंदणी झालेली जात. अंगाने लहान, दोन-तीन लिटर दूध देणारी, डोंगरात दिवसभर चरून वीस प्रकारचा पाला थोडा थोडा खाणारी. आज गोठ्यात बांधलेली दहा-बारा लिटरची संकरित गाय समोर येईल ते खाते, तिच्यावरचा ताण वेगळा. दुसरं म्हणजे जी जनावरं बरी झाली त्यांची गोष्ट सांगितली गेली. जी गेली ती पुरली गेली, त्यांची कोणी मोजदाद ठेवली नाही. औषधाने किती वाचली हे सांगायला दोन्ही आकडे लागतात.

परंपरेतलं तपासून वापरात आणलेलं उदाहरण हवं असेल तर कासदाहाचं घ्या, ज्याला आपण दगडी म्हणतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ जो लेप सांगतं त्यात माप दिलेलं आहे: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम. एकत्र वाटून, पाण्याने पातळ करून, कासेतलं दूध पूर्ण काढल्यावर दिवसातून आठ-दहा वेळा, किमान पाच दिवस लावायचा. आजीचीच हळद, आजीचीच कोरफड. फरक आहे तो ग्रॅमांचा आणि दिवसांचा. गाईला ताप असेल, दुधात रक्त किंवा गाठी येत असतील तर डॉक्टरांना बोलवायला मात्र उशीर करू नका.

“नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?”

घाणेरी नैसर्गिकच आहे. गवत संपलं की उपाशी जनावर तिचा पाला खातं, यकृत बिघडतं, डोळे पिवळे होतात, उन्हात गेलं की पांढरी कातडी भाजल्यासारखी सोलते.

सुबाभळीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिच्या पानात प्रथिनं भरपूर, पण मिमोसिन नावाचं विषही. ऑस्ट्रेलियात ती खाऊन गुरांचे केस गळायचे, गळ्याची ग्रंथी सुजायची. रेमंड जोन्स या तिथल्या संशोधकाच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या बकऱ्या तोच पाला मजेत खातात. फरक झाडात नसेल, बकरीतही नसेल, तर तो पोटातल्या जिवाणूंत असणार असं त्यांनी मानलं. हवाईच्या बकरीच्या रुमेनमधले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि त्रास थांबला. त्या जिवाणूला 1992 मध्ये जोन्स यांच्याच नावावरून नाव मिळालं. पान तेच, एका पोटात चारा आणि दुसऱ्या पोटात विष. म्हणून आपल्याकडे सुबाभूळ घालायची तर हळूहळू सवय लावत, दुसऱ्या वैरणीत मिसळून, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच.

“निदान अँटिबायोटिकपेक्षा तर बरं?”

या कारणानेच जग झाडपाल्याकडे पुन्हा वळलं. कोंबड्या-डुकरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात रोज थोडं अँटिबायोटिक मिसळायची पद्धत जगभर पडली होती. थोड्या मात्रेचं औषध म्हणजे मोठ्या डोळ्याचं जाळं. निसटणारे निसटतात, आणि पुढची पैदास त्यांचीच होते. मग तेच औषध माणसाला लागू पडेनासं होतं. स्वीडनने 1986 मध्ये ही पद्धत बंद केली, युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून. भारताने 2019 मध्ये कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवायचं औषध जनावरांत वापरायला बंदी घातली. ओवा, लसूण, दालचिनी यांतल्या तेलांवर कुक्कुटपालनात इतकं काम होतं ते यामुळे.

तरी खाद्यात रोज मिसळायचं वाढीचं पूरक एक आणि न्युमोनिया झालेल्या वासराचं औषध दुसरं. पहिल्याच्या जागी ओवा चालू शकेल. दुसऱ्याच्या जागी ओवा देत बसलात तर वासरू जाईल.

उपाशी गाईला टॉनिक

आता माझ्या मनातली सर्वात मोठी खंत. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मार्चमध्ये गाईपुढे नुसता पेंढा असतो. पेंढ्यात प्रथिनं 3-4 टक्के. रुमेनमधल्या जिवाणूंना नीट काम करायला चाऱ्यात साधारण 7 टक्के तरी लागतात. जांभ्याची आम्लधर्मी जमीन, पावसाने धुतलेली, त्यात गवताला फॉस्फरस कमी मिळतो. म्हणून आपली गुरं हाडं, कापड, प्लॅस्टिक चघळताना दिसतात. अशा गाईचा मालक तीनशे रुपयांचं दूध वाढवायचं हर्बल पाकीट घेऊन येतो तेव्हा वाईट वाटतं. त्या पैशांत चांगलं खनिज मिश्रण येतं, दुभत्या गाईला रोज 50 ग्रॅम. बांधावर शेवरीचं बी पेरता येतं, गिरिपुष्पाच्या काड्या तर फुकट मिळतात. त्यांच्या पाल्याने पेंढ्यातली प्रथिनांची तूट भरते. गिरिपुष्पाच्या वासाला जनावर आधी तोंड फिरवतं, कापून अर्धा दिवस सुकवून घातला की खायला लागतं. आधी पोट भरा, पाणी पुरेसं द्या, खनिजं द्या. औषधी पाल्याचा गुण त्यानंतर दिसतो.

आतेकडे आता गाय नाही, पाच बकऱ्या आहेत. पावसाळ्यात बकरीच्या पोटात रक्त पिणारा जंत होतो. एक जंत दिवसाला 0.05 मिलिलिटर रक्त पितो, असे हजारो असतात. डॉक्टरांनी तिला एक सोपी खूण शिकवली आहे. ती दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बकरीची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघते. लालबुंद असेल तर सोडून देते, फिकट दिसली तर तेवढ्याच बकरीला वजनाप्रमाणे जंताचं औषध. सरसकट सगळ्यांना दिलं तर जंतही औषधाला सरावतात.

फणसाचा पाला ती रोज घालते, बकऱ्या त्याच्यावर तुटून पडतात. मागच्या खेपेला गेलो तर पडवीत काजू बी तोलायचा काटा टांगलेला होता आणि त्याला पाल्याची जुडी अडकवून ती आकडा बघत होती. मी विचारलं, हे काय नवीन? म्हणाली, “डॉक्टर आला की पहिलं तेच विचारतो.”